ड्रायव्हरकाकांची गृहभेट

पहिल्या दिवशी वर्गात आम्ही सगळ्या मुली आणि एक बुजरा मुलगा असे बसलो होतो. तेवढ्यात दारातून एक धिप्पाड गृहस्थ आत आले. निळा शर्ट, खिशाला पेन, हातात जेवणाचा डबा. डोक्यावरचा पंखा मघापासून कुरकुरत होता, त्यामुळे आमच्यातल्या एकीला वाटलं की ते पंखा दुरुस्त करायलाच आलेत. तिने बोट वर करून दाखवलंसुद्धा, "काका, हाच तो."

काकांनी पंख्याकडे नीट पाहिलं. "बेअरिंग गेलंय," म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. खुर्च्या खालच्या पाळणाघरातून आणलेल्या, बुटक्या. काकांचे गुडघे कानाला लागायचे तेवढे बाकी राहिले.

"अहो काका, इथे कोर्सचा वर्ग आहे."

"मग मी कशाला आलोय? फिरायला?"

ज्या मुलीने हे सुनावलं तिचं नाव पुढे आम्ही टिवटिव ठेवलं आणि काकांचं ड्रायव्हरकाका. दोघांनाही ती नावं पहिल्याच आठवड्यात चिकटली.

कोर्स होता लहान मुलं, तरुण मुलं आणि त्यांची कुटुंबं यांच्याबरोबर काम करायला शिकवणारा. कुटुंब केंद्राच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आमचा वर्ग, खाली केंद्राचं पाळणाघर. सकाळभर खालून रडणं, हसणं, भांडी आपटणं वर येत राहायचं. दुपारी मुलं झोपली की आम्हाला पाय न वाजवता चालावं लागे, आणि काका चालले की जमिनीलाही कळायचं. वर्गात फिनेल, रंग आणि ओल्या वाळूचा एक मिश्र वास कायम असे. भिंतीला लागून वाळूचा ट्रे, धुऊन उपडी घातलेली खेळणी, आणि एक मोठी कापडी बाहुली जिचा एक हात प्रत्येक बॅचने एकदा तरी शिवला होता.

शिकवायला बाई होत्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या आखूड केसांच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. आयुष्य त्यांनी लोकांच्या घरी जाऊन मुलांसाठी काम करण्यात घालवलं होतं. त्या कधी रागवत नसत. फक्त विचारत. त्यापेक्षा रागावलेलं बरं, असं आमचं सर्वांचं मत होतं.

काकांनी उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली होती. डावा गुडघा क्लच दाबून दाबून कामातून गेला, तेव्हा बस सुटली. मुलांविषयी त्यांना माया भरपूर, पण मुलं त्यांनी पाहिली होती ती डोक्यावरच्या आरशातून. "एका मुलाचं वर्णन करा" असा धडा होता, तेव्हा आम्ही मुलाचे डोळे, खेळ, स्वभाव असं काय काय लिहिलं. काकांनी लिहिलं : भांग डावीकडे. खिडकीशी बसतो. वळण आलं की गाणं म्हणतो.

"आणि चेहरा?" बाईंनी विचारलं.

"चेहरा सीटच्या मागे असतो, बाई."

एकदा गुपितांचा विषय निघाला. मुलाने विश्वासाने काही सांगितलं तर "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, असं बाईंनी सांगितलं. काका ताडकन म्हणाले, "हे काही बरोबर नाही. माझ्या बसमधली सगळी गुपितं माझ्या पोटात आहेत. कुणी डबा खिडकीतून फेकला, कुणी कुणाला चिठ्ठी दिली, सगळं."

"आणि एखाद्याने सांगितलं असतं की घरी मार बसतो?"

खाली कुणी तरी खुळखुळा वाजवत होतं, तो तेवढा ऐकू येत राहिला.

"वचन दिलं की हात बांधले जातात," बाई म्हणाल्या. "मुलाला खरं सांगायचं : हे मी माझ्या एकट्याजवळ ठेवू शकत नाही, पण तुला सोडून काही करणार नाही."

काकांनी ते वाक्य पुटपुटून पाठ केलं. पाठांतरात ते आमच्या पुढे होते. घोडं पेंड खायचं ते गृहभेटीत.

गृहभेट म्हणजे घरी जाऊन कुटुंबाशी बोलणं. वर्गात आम्ही त्याची तालीम करायचो. बाई आई व्हायच्या, कापडी बाहुली मूल व्हायची, आणि आमच्यातलं एक जण दार वाजवून आत यायचं. काकांची पाळी आली. त्यांनी दार वाजवलं, आत आले, उभ्यानेच विचारलं,

"मुलगा दिसला नाही शाळेत?"

"ताप आहे त्याला," बाई आई होऊन म्हणाल्या.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं."

"छान. उद्या येईल?"

"बघू…"

"बरं, येतो!" आणि काका गेले. म्हणजे खरेच गेले. दार ओढलं, जिना उतरले. बाई बाहुली मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. आम्ही खिडकीतून पाहिलं तर काका समोरच्या टपरीवर चहा सांगत होते.

परत आल्यावर बाईंनी शांतपणे विचारलं, "काका, गाडी बंद केली होती का?"

"अं?"

"माझ्या घरात आलात तेव्हा. मला तर सगळा वेळ इंजिनचा आवाज येत होता."

वर्ग हसला. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर गुडघा चोळत बसले होते. पुढच्या सगळ्या गृहभेटींसाठी काकांची आणि माझी जोडी ठरली होती. एकाने बोलायचं, दुसऱ्याने निरीक्षण करायचं. म्हणून मी शेजारी बसले आणि विचारलं, "काका, एवढे घोड्यावर बसून का येता?"

"सवय गं पोरी. स्टॉपवर पोर नसलं की ड्रायव्हर काय करतो? हॉर्न मारतो, जरा थांबतो, परत हॉर्न मारतो आणि निघतो. पुढच्या स्टॉपवर बाकीची उन्हात उभी असतात ना." त्यांनी दुखरा पाय पायरीवर लांब केला. "एक पोरगी होती. माझ्या मागच्याच सीटवर. इतकी बुटकी की आरशात नुसता भांग दिसायचा. एक दिवस आली नाही. मग आलीच नाही. मी रोज हॉर्न मारायचो. घर समोर दिसायचं, गॅलरीत कपडे वाळत असायचे. म्हणजे माणसं होती घरात. पण गाडीत पोरं असताना ड्रायव्हरने उतरायचं नाही हा नियम. बरोबरच आहे तो. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गेलो, तर दाराला कुलूप. घर सोडून गेले होते."

"काय झालं होतं तिला?"

"तेच तर. कुणास ठाऊक." त्यांनी गुडघा दुसऱ्या बाजूने चोळायला घेतला. "कुटुंब केंद्रात ती एक जागा निघालीय बघ, शाळेत न येणाऱ्या पोरांच्या घरी जाण्याची. ती मला पाहिजे. मला एकदा उतरून दार वाजवायचंय."

त्या जागेला हा कोर्स पास असावा लागे आणि वयाची अट होती. काका अटीच्या अगदी काठावर होते. या खेपेला गृहभेटीची परीक्षा हुकली तर पुढच्या बॅचपर्यंत त्यांचं वय उलटलं असतं. हे त्यांनी सांगितलं ते मात्र असं, की जणू कुणा दुसऱ्याचीच गोष्ट.

तालमीसाठी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. बाहेरच्या खोलीत काकूंचं शिलाईमशीन. खाली कापडाच्या चिंध्यांचा ढीग, वर खिळ्याला अर्धवट शिवलेले कपडे. काकू तोंडात टाचण्या धरूनही उत्तम टोमणे मारू शकत.

"यांना बसायला शिकवतेस होय? कर बाई प्रयत्न. आमची लेक झाली तेव्हा हे दवाखान्यात आले, बाळ बघितलं, म्हणाले, 'छान आहे, येतो', आणि गेले की गाडी धुवायला!"

"अगं, गाडी दारात डबल पार्किंगला होती."

"ऐकलंस? अजून तेच कारण."

मी म्हटलं, "काकू, तुम्हीच घ्या ना तालीम. तुम्ही काही तरी सांगायचं, काकांनी नुसतं ऐकायचं."

काकूंनी टाचण्या डबीत ठेवल्या, खुर्ची वळवली. "मग मी माझ्या थोरल्या बहिणीचं सांगते. पहिल्यापासून."

"यापेक्षा क्लच परवडला," काका म्हणाले. पण बसले.

काकूंनी सुरुवात केली. बहिणीचं घर, तिची सून, सुनेची नोकरी, त्यातून झालेला अबोला. काकांचा डावा पाय आपोआप हलत होता. दोनदा त्यांचं तोंड उघडलं, दोन्ही वेळा मी डोळे वटारले. मध्येच काकूंचा आवाज जरा बदलला. बहिणीने फोन करणं सोडलंय, आपणही हट्टाने करत नाही, असं काही तरी त्या बोलल्या. काकांचा पाय हलायचा थांबला. बोलणं संपल्यावर काकू थोडा वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. इतक्या वर्षांत माझं वाक्य पहिल्यांदा पूर्ण झालं, तर पुढे काय बोलायचं ते सुचेना."

परीक्षेचा दिवस आला. केंद्राने एक खरं कुटुंब दिलं होतं. त्यांना कल्पना होती की येणारे शिकाऊ आहेत, आणि त्यांची हरकत नव्हती. दोन खोल्यांचं घर, अरुंद जिना चढून वर. घरात आई, तिचे वडील आणि दोन मुलं. बाप बाहेरगावी कामाला. आई बेकरीत सकाळच्या पाळीला जायची. थोरली मुलगी दहा-अकरा वर्षांची, महिनाभर शाळेत गेलेली नव्हती. धाकटा बारक्या नुकताच चालायला शिकून पळायलाही शिकला होता, आणि त्याच्या भुवईवर टाक्यांचा कोवळा व्रण होता.

आम्ही दारात बूट-चपला काढून आत गेलो. बाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या, मी जमिनीवर. काका बसले, अगदी शिकवल्याप्रमाणे, आईच्या समोर पण जरा तिरके. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. थोरली पलंगाच्या कडेला, हात मांडीखाली दाबून, मान खाली.

काकांनी आधी बारक्याची चौकशी केली, मग बेकरीच्या भट्टीची. माझा जीव भांड्यात पडला. गाडी बंद होती.

मग आई म्हणाली, "काय सांगू काका, हिला बसमध्ये मळमळतं. एकदा उलटी झाली, मुलं हसली. तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की हिचं पोट दुखतं."

काकांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच धडकी भरली. बस! म्हणजे त्यांचं माहेरच.

"एवढंच ना? अहो, सोपं आहे! पुढची सीट द्यायची. काच थोडी उघडी. निघताना पोट टम्म नको, रिकामंही नको. पुस्तक उघडायचं नाही, नजर लांब रस्त्यावर. तिथल्या ड्रायव्हरला मी सांगतो, माझाच माणूस आहे तो. आठवड्यात फरक पडेल." आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, "बरं, येतो!"

ते उभे राहिलेसुद्धा. मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. थोरलीने मान वर केली नव्हती. एवढ्या वेळात तिला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. गेली काकांची जागा.

काका दाराशी पोचले आणि थांबले. दारात त्यांचा एकच बूट होता.

"दुसरा कुठाय?"

"अरे देवा," आई उठली, "बारक्या! काकांचा बूट कुठे नेलास?"

बारक्या दाराआड उभा होता, साधुसंतासारखा चेहरा करून. "नाय," तो म्हणाला.

"सगळं पळवतो हो हा. मागे माझी किल्ली पाण्याच्या बादलीत निघाली." आई शरमून आतल्या खोलीत बादली बघायला धावली.

"मी बघत होतो की त्याच्याकडे," आजोबा खुर्चीतून म्हणाले. त्यांचे डोळे नुकतेच उघडले होते. "जिन्यात टाकला असेल, थांबा." आणि काठी घेऊन तेही बाहेर गेले. बारक्याला बाईंनी मांडीवर घेतलं. त्याने ताबडतोब त्यांच्या चष्म्याची साखळी तोंडात घातली.

तेव्हा थोरली पहिल्यांदा बोलली. "मला माहितीय तो कुठे लपवतो." ती पलंगाखाली शिरली. काकांना आता इलाजच नव्हता. तेही कण्हत खाली बसले, मग आडवे झाले आणि डोकं पलंगाखाली घातलं. बाहेरून नुसते चार पाय दिसत होते, दोन लहान आणि दोन मोज्यातले.

पलंगाखालून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. कंगवा. चमचा. एक बटाटा. आजोबांच्या चष्म्याचं घर.

"अगं, हे तर दुकानच आहे," काकांचा आवाज आला.

थोरली खुदकन हसली. "कंगवा आई कधीची शोधतेय."

"तुला बरं माहीत त्याचं सगळं."

"मी दिवसभर बघते ना त्याच्याकडे."

इथे आमचे काका म्हणाले असते, "शहाणी गं पोर," आणि विषय संपला असता. काका काहीच बोलले नाहीत. आतल्या खोलीत बादल्या वाजत होत्या. मीही जमिनीवरच होते, त्यामुळे मला पलंगाखालचं थोडं दिसत होतं. काका तिच्याकडे बघत होते. आरसा नव्हता, सीट नव्हती, वीतभर अंतरावर तिचा चेहरा होता.

"मी शाळेत होते तेव्हा तो जिन्यावरून पडला," ती म्हणाली. "भुवईला टाके पडले. आजोबांचा डोळा लागला होता. सकाळच्या गोळीने लागतो त्यांचा. आईला वाटतं तिनेच दार उघडं टाकलं. मी असते तर पडला नसता."

"हं," काका म्हणाले.

"मळमळत नाही मला. एकदाच झालं होतं." मग घाईने, "आईला सांगू नका हं. आजोबांना वाईट वाटेल. ती त्यांना रागवेल."

काका हळूच म्हणाले, "नाही सांगत, असं मी म्हणणार नाही पोरी. ही गोष्ट माझ्या एकट्याजवळ ठेवण्यासारखी नाही. एवढी जड गोष्ट तुझ्याजवळही नको. पण तुला सोडून मी काही करणार नाही. तू सांग आईला. मी बसतो शेजारी."

"तुम्ही तर निघाला होता."

"निघालो होतो खरा."

थोरलीने भिंतीकडच्या कोपऱ्यात हात घातला. बूट तिच्या हाताला लागला, हे मला स्पष्ट दिसलं. तिने तो अर्धा ओढला, काकांकडे पाहिलं, आणि हळूच परत आत ढकलला.

"नाही सापडत," ती म्हणाली.

"मग बसावंच लागेल," काका म्हणाले. त्यांनीही तो पाहिला होता.

आई ओले हात पुसत बाहेर आली. थोरली पलंगावर बसली, काका तिच्या शेजारी. तिने सुरुवात केली, अडकली, काकांकडे पाहिलं. काका गप्प. मग तिने सगळं सांगितलं. तिचं बोलणं संपत आलं तेव्हा आजोबा दारात उभे होते, एक पाऊल आत, एक बाहेर. त्यांनी ऐकलं होतं.

"म्हणजे माझ्यामुळे पोरीची शाळा बुडाली," ते म्हणाले.

काकांच्या तोंडावर "छे हो, तसं काही नाही" आलेलं मला दिसत होतं. त्यांनी ते गिळलं. उठून खुर्ची आणली आणि आजोबांना समोरासमोर बसवलं.

"आजोबा, सकाळ कशी जाते तुमची?"

म्हाताऱ्याने आधी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "गोळी घेतली की डोळ्यांवर झापड येते. लाख प्रयत्न करतो. गाणी लावतो, तोंडावर पाणी मारतो. तरी येते."

"बाबा, मला सांगायचं नाही का?" आईचा आवाज चढला आणि मध्येच फुटला.

"सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतंस. आणि मग मी इथे कशाला आहे? खुर्ची उबवायला?"

कुणीच काही बोललं नाही. वर्गात बाईंनी शिकवलं होतं की अशी शांतता आली की ती आपल्याला टोचते, म्हणून आपण तोंड उघडतो. काकांनी हात मांडीखाली दाबून धरले होते, मघाशी थोरलीने धरले होते तसेच. शेवटी आईच म्हणाली, "बाबा, डॉक्टरला विचारू की, गोळी रात्री चालेल का. आणि काका, तुमच्या केंद्रात सकाळी लहान मुलं घेतात ना?"

"घेतात."

"बारक्याला तिथे ठेवता येईल?"

"मी पोचवीन," आजोबा एकदम म्हणाले. "आणीनसुद्धा. चालताना काही मला झोप लागत नाही!"

थोरली हसली, मग आई हसली. बाईंच्या मांडीवर बारक्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, कौतुक त्याचंच चाललंय. जरा वेळाने थोरली पलंगाखाली गेली आणि बूट घेऊन आली. "सापडला," ती म्हणाली. बुटात आणखी एक बटाटा होता.

खाली रस्त्यावर आल्यावर काकाच थांबले.

"बाई, एक सांगतो. मी निघालो होतो. बूट जाग्यावर असता तर मी आत्ता टपरीवर चहा पीत असतो. हे जे झालं ते त्या बारक्यामुळे."

"मी पाहिलं."

"मग मी नापास."

"तुम्ही उठलात तेव्हा होतातच," बाई म्हणाल्या. "परत बसलात तेव्हा काय केलंत, तेही मी पाहिलं. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, दुसरी भेट तशीही ठेवायचीच आहे ना? केंद्रात प्रवेश झाला का, शाळा सुरू झाली का, ते बघायला."

"आहे ना. पुढच्या आठवड्यात." बाईंनी चष्मा पुसला, बारक्याची लाळ होती त्यावर. "निकाल त्यानंतर. आणि काका, बूट मी माझ्याजवळ ठेवणार नाही, कपाटावरही ठेवणार नाही. दारातच राहतील. दोन्ही."

तो आठवडा काकांनी कसा काढला ते काकूंनाच ठाऊक. मला त्या एवढंच म्हणाल्या की बहिणीच्या सगळ्या गोष्टी संपल्या, आता शेजारणीच्या चालू आहेत.

दुसऱ्या भेटीला आम्ही दुपारी गेलो. बारक्या केंद्रातून येऊन जेवून झोपला होता. थोरली शाळेतून आली होती आणि तिला सांगायला पुष्कळ होतं. कोण मैत्रीण रुसली, कुठला बाक बदलला, गणितात काय अडलं. आजोबांनी केंद्राच्या वाटेवरच्या प्रत्येक बाकड्याचा गुणदोष सांगितला. गोळी आता रात्री घेतात, पण पहाटे उगाच जाग येते, ही नवी तक्रार. मग आई भट्टीवरच्या मुकादमाबद्दल बोलली, आणि ते बोलता बोलता पहिल्यांदा नवऱ्याबद्दल, की तो फोनवर मुलांशी बोलतो पण तिच्याशी दोन शब्दही नाही. काका ऐकत होते. सल्ला नाही, "सोपं आहे" नाही. त्यांचा डावा पाय स्वस्थ होता. बूट दारात जोडीने होते आणि त्यांच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. खरं तर मीच दोनदा पाहिलं.

ऊन खिडकीतून सरकत पलंगावर आलं. आई घड्याळाकडे बघू लागली. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. काका आजोबांना विचारत होते, "आणि मग पहाटे जाग आल्यावर?"

"काका," आई शेवटी संकोचून म्हणाली, "राग मानू नका, पण आता उठता का? आज माझी दुपारची पाळी आहे. मला कामावर जायचंय."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग गडबडून उठले, "हो हो, अगदी, चुकलंच," करत बुटाच्या नाड्या बांधू लागले. त्यातली एक गाठ चुकली. थोरलीने वाकून ती सोडवून दिली.

बाई जिन्यात माझ्या पुढे होत्या. खांदे हलत होते. मला वाटलं, दम लागला असेल. खाली आल्यावर कळलं, त्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

"पास, काका," त्या म्हणाल्या. "आता उठायचं कधी, त्याचा वेगळा धडा घेऊ."

काकांनी खिशातून फोन काढून घरी लावला. पलीकडे मशीनची घरघर मलाही ऐकू येत होती.

"अगं, ऐक! मला त्यांनी घरातून घालवून दिलं!" रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "हो, खरंच! स्वतः म्हणाली, उठता का म्हणून!"

"आनंद कसला सांगताय त्याचा?" काकूंचा आवाज आला. "पास की नापास ते आधी बोला, माझ्या हातात सुई आहे."